गाडी सुरू करून दाखवली कार्ल बेन्झने, पण ती बंद का पडते हे शोधलं त्याच्या बायकोने

गाडी सुरू होते. दोन-चार मिनिटं बरी चालते. मग एक आचका देते, घरघरते आणि रस्त्याच्या मधोमध बंद पडते. परत स्टार्टर मारला की परत सुरू, आणि थोडं पुढे गेलं की परत बंद.

गाडी मुळीच सुरू झाली नाही तर एक वेळ परवडतं, कारण मग ढकलत का होईना गॅरेजला न्यायची एवढाच मार्ग उरतो. पण सुरू होऊन बंद पडणारी गाडी माणसाला आशेला लावते. अशा वेळी जुना मेकॅनिक काही भलतंसलतं खोलत बसत नाही. तो आधी दोनच गोष्टी बघतो. पेट्रोल येतंय का आणि करंट येतोय का. पेट्रोलच्या वाटेत कचरा असेल तर तो काढायचा, वायर कुठे घासली असेल तर तिला पट्टी गुंडाळायची. बाकीचं नंतर.

आता गंमत बघा. हीच पद्धत १८८८ साली एका बाईने भर रस्त्यात वापरली होती. तेव्हा जगात गॅरेज नव्हतं, मोटार मेकॅनिक नावाचा माणूस नव्हता आणि पेट्रोल पंपही नव्हता. तिच्याकडे होती टोपीला लावायची एक पिन, पायातले मोजे वर धरून ठेवणारा एक पट्टा आणि सोबत दोन शाळकरी मुलं.

तिचं नाव बर्था बेन्झ. मर्सिडीज-बेन्झ मधला जो बेन्झ आहे, त्या कार्ल बेन्झची ही बायको.

तिच्या त्या प्रवासाबद्दल बरंच सांगितलं जातं. पण तो प्रवास तिने एका दिवसात ठरवून केलेलं धाडस नव्हतं. त्याआधी सोळा वर्षं ती एकच काम करत आली होती. सुरू होऊन बंद पडणाऱ्या गोष्टी नेमक्या कशामुळे अडतात ते शोधायचं आणि त्या पुन्हा चालू करायच्या.

हुंड्याच्या पैशातून कारखाना वाचवला

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ चा. गाव फॉर्झहाइम. आज हे गाव जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात येतं, तेव्हा तिथे बाडेन नावाचं वेगळं संस्थान होतं. तिचे वडील कार्ल फ्रीडरिश रिंगर हे सुतारकामातून वर आलेले, बांधकामात चांगला पैसा कमावलेले गृहस्थ. बर्थाच्या जन्माची नोंद त्यांनी घरच्या बायबलमध्ये केली आणि ती करताना दुर्दैवाने पुन्हा मुलगीच झाली असं लिहून ठेवलं. ही नोंद पुढे बर्थाच्या वाचनात आली असं सांगतात. आपल्याकडेही अशा नोंदी कागदावर नसल्या तरी घराघरांत ऐकलेल्या असतात, त्यामुळे जास्त समजावून सांगायची गरज नाही.

बर्थाला यंत्रांची आवड होती. मुलींच्या शाळेत ती शिकली, पण त्यापुढे रस्ता बंद होता. बाडेनच्या विद्यापीठांनी मुलींना रीतसर प्रवेश दिला तो थेट १९०० साली. तोवर बर्था पन्नाशीची झालेली होती.

२७ जून १८६९ रोजी एका सहलीत तिची ओळख कार्ल बेन्झशी झाली. कार्ल इंजिनिअर होता. त्याचे वडील रेल्वे इंजिनचे ड्रायव्हर. कार्ल दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा ते वारले. आईने हलाखीत दिवस काढून पोराला कार्ल्सरूहच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं. या पोराच्या डोक्यात एकच खूळ होतं. घोड्याशिवाय चालणारी गाडी बनवायची.

१८७१ मध्ये कार्लने मानहाइम शहरात ऑगस्ट रिटर नावाच्या भागीदाराबरोबर एक वर्कशॉप काढलं. वर्कशॉप सुरू झालं आणि लगेच आचके द्यायला लागलं, कारण भागीदार भरवशाचा निघाला नाही. कार्लकडे त्याचा हिस्सा विकत घ्यायला पैसे नव्हते.

अडचण नेमकी कुठे आहे हे बर्थाने ओळखलं. कार्लच्या कामात खोट नव्हती, खोट भागीदारीत होती. तिने वडिलांकडून आपल्या हुंड्याची रक्कम लग्नाआधीच मागून घेतली आणि त्या पैशातून रिटरचा हिस्सा मोकळा करवला. हे लग्नाआधी करणं महत्त्वाचं होतं. त्या काळच्या कायद्याने लग्न झालं की बायकोच्या पैशाचा कारभार नवऱ्याच्या हातात जायचा आणि तिला स्वतःच्या नावाने व्यवहार करता यायचा नाही. म्हणजे मोटार बनवणाऱ्या कारखान्यातली ही अगदी सुरुवातीची गुंतवणूक एका अविवाहित मुलीची होती. २० जुलै १८७२ रोजी दोघांचं लग्न झालं आणि त्या दिवसापासून कागदोपत्री तिचा त्या कारखान्याशी संबंध उरला नाही.

थर्टी फर्स्टच्या रात्री इंजिन चालू झालं

लग्नानंतरची पहिली दहा वर्षं फार ओढाताणीची गेली. १८७३ ला युजेन झाला, १८७४ ला रिशार्ड, १८७७ ला क्लारा. पुढे आणखी दोन मुली झाल्या. घरात खाणारी तोंडं वाढत होती आणि वर्कशॉपवर जप्तीची टांगती तलवार होती.

लोखंडी कामाच्या ऑर्डरी मिळत नाहीत म्हटल्यावर कार्लने सगळं लक्ष इंजिनावर वळवलं. चार स्ट्रोकच्या इंजिनाचं पेटंट तेव्हा निकोलाउस ऑटोच्या नावावर होतं, म्हणून कार्ल दोन स्ट्रोकचं इंजिन बनवायच्या मागे लागला. महिनोन्‌महिने ते इंजिन काही नीट चालेना.

३१ डिसेंबर १८७९. रात्रीचं जेवण झालं. लोक नव्या वर्षाच्या तयारीत. बर्थाने सुचवलं की वर्कशॉपमध्ये जाऊन आज पुन्हा एकदा प्रयत्न करून बघू. दोघं गेले. कार्लने इंजिन फिरवलं आणि ते सुरू झालं. नुसतं सुरू झालं नाही, तर लयीत चालत राहिलं. दोघं तासभर तो आवाज ऐकत उभे राहिले. कार्लने म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत ही रात्र सांगितली आहे.

पण इंजिन चाललं तरी धंदा चालेलच असं नाही. १८८२ मध्ये कार्लच्या कारखान्याची कंपनी झाली, त्यात त्याचा हिस्सा होता फक्त पाच टक्के. बाकीचे भागधारक त्याच्या डिझाइनमध्ये नाक खुपसायला लागले तेव्हा पुढच्याच वर्षी तो बाहेर पडला. १८८३ मध्ये माक्स रोझ आणि फ्रीडरिश एस्लिंगर या दोघांबरोबर त्याने बेन्झ अँड कंपनी काढली. कारखान्यांना लागणारी, एका जागी बसवायची गॅस इंजिनं विकून ही कंपनी कमवायला लागली. हातात चार पैसे आले आणि कार्ल पुन्हा आपल्या खुळाकडे वळला.

पाऊण हॉर्सपॉवरची गाडी

२९ जानेवारी १८८६ रोजी कार्लने पेटंटचा अर्ज केला. पेटंटचा नंबर ३७४३५. मोटारीचा जन्मदाखला म्हणून आज हाच कागद दाखवतात. त्यावर नाव एकट्या कार्लचं आहे.

गाडी तीन चाकांची होती. इंजिन एका सिलिंडरचं, ९५४ सीसीचं आणि ताकद फक्त पाऊण हॉर्सपॉवर. आजची साधी १०० सीसीची मोटरसायकल साधारण आठ हॉर्सपॉवर देते, यावरून अंदाज करा. वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास. मागे एक मोठं आडवं चाक असायचं. ते हाताने गरकन फिरवलं की इंजिन सुरू व्हायचं.

या गाडीचं इंजिन कसं चालायचं हे थोडक्यात बघूया, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात. इंधन, हवा आणि ठिणगी. बेन्झच्या गाडीत इंधन एका भांड्यात असायचं. इंजिनाच्या उष्णतेने ते गरम व्हायचं, त्याची वाफ हवेत मिसळायची आणि हे मिश्रण सिलिंडरमध्ये जायचं. तिथे बॅटरी आणि कॉइलमधून आलेला करंट ठिणगी पाडायचा. स्फोट व्हायचा, पिस्टन ढकलला जायचा. इंजिन थंड ठेवायला पाणी असायचं, पण आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. पाणी उकळून वाफ होऊन उडून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं.

३ जुलै १८८६ रोजी ही गाडी मानहाइमच्या रस्त्यावर लोकांसमोर धावली. तेव्हा मोठा मुलगा युजेन इंधनाची बाटली घेऊन गाडीच्या बाजूने पळत होता. गाडीतलं इंधन संपून ती बंद पडली तर लगेच ओतता यावं म्हणून. तेरा वर्षांच्या या पोराला गाडी का बंद पडते याचं पहिलं उत्तर पाठ होतं.

पण गाडी कोणी विकत घेईना. लोकांना ती आवाज करणारी, धूर सोडणारी, मधेच थांबणारी गंमत वाटायची. कार्ल स्वभावाने अतिशय काटेकोर आणि विक्रीच्या बाबतीत बुजरा. तो गाडीत अजून एक सुधारणा, अजून एक सुधारणा करत बसला. शहरात घिरट्या घालण्यापलीकडे ती गाडी कधी गेली नाही.

म्हणजे परत तेच. कंपनी सुरू होती, गाडी सुरू होती आणि पुढे काहीच सरकत नव्हतं.

नवऱ्याला न सांगता १०४ किलोमीटर

बर्थाच्या लक्षात आलं की आता अडलंय ते विश्वासावर. ही गाडी लांबचा पल्ला मारू शकते हे कोणी पाहिलेलंच नाही, तर विकत कोण घेईल?

ऑगस्ट १८८८. मुलांना शाळेची सुट्टी. युजेन पंधरा वर्षांचा, रिशार्ड तेरा. एका पहाटे या तिघांनी कार्लची झोप मोडू नये म्हणून गाडी हळूच बाहेर काढली, थोडी दूर ढकलत नेली आणि मग सुरू केली. जायचं होतं बर्थाच्या माहेरी, आईकडे, फॉर्झहाइमला. अंतर सुमारे १०४ किलोमीटर. बर्थाने नवऱ्याला विचारलं नव्हतं आणि कुठल्या सरकारी खात्याची परवानगीही घेतली नव्हती.

त्या वेळचे रस्ते बैलगाडी आणि घोडागाडीचे. माती, खडी, चाकोऱ्या. मोटारीसाठी एकही पाटी नाही. हायडेलबर्गपर्यंत गाडी बरी गेली. मग एकेक सुरू झालं. पुढचा तपशील बेन्झ कुटुंबाने नंतर सांगितलेल्या आठवणींतून आलेला आहे.

पहिला बिघाड: इंधन संपत आलं

गाडीत इंधन मावायचं साधारण साडेचार लिटर. वीसलोख गावात पोहोचेपर्यंत ते संपत आलं. ही गाडी लिग्रोइन नावाच्या हलक्या, पेट्रोलसारख्या द्रवावर चालायची. कपड्यांवरचे डाग काढायला लोक ते वापरायचे आणि ते मिळायचं औषधाच्या दुकानात. बर्था थेट गावातल्या केमिस्टकडे गेली आणि लिग्रोइन मागितलं. डाग काढायला कोणी बाटलीभर घेतं, हिला लिटरने हवं होतं.

वीसलोखचं ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं.

यात एक बारकावा आहे. बर्थाला इंजिन कशावर चालतं हे माहीत होतंच, पण तेच द्रव्य दुसऱ्या नावाने, दुसऱ्या कामासाठी, दुसऱ्या दुकानात मिळतं हेही माहीत होतं. घर चालवणाऱ्या बाईला डाग कशाने निघतात हे माहीत असायचंच. मोटारीच्या इतिहासात ते ज्ञान असं उपयोगी पडलं.

दुसरा बिघाड: गाडी खोकते आणि बंद पडते

पुढे इंधनाच्या नळीत कचरा अडकला. आता हा तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा बिघाड. गाडी सुरू होते आणि मग बंद पडते, याचं कारण इथे समजून घेण्यासारखं आहे.

नळी पूर्ण किंवा अर्धवट तुंबली तरी पुढच्या भागात थोडंसं इंधन साठलेलं असतं. त्या साठ्यावर इंजिन सुरू होतं. आपल्याला वाटतं झालं, गाडी ठीक आहे. पण जेवढं इंधन जळतंय तेवढं मागून येत नाही. साठा संपत जातो, इंजिन आचके देतं, खोकतं आणि विझतं. थोडा वेळ थांबलं की थेंब थेंब इंधन पुन्हा जमतं आणि गाडी पुन्हा सुरू होते. म्हणून असा बिघाड फसवतो. टाकी भरलेली दिसते, त्यामुळे इंधनाचा संशयच येत नाही.

बर्थाने टोपी केसांना टोचून ठेवायची लांब पिन काढली, नळीत घातली आणि कचरा काढला. गाडी चालू.

तिसरा बिघाड: करंट गळतोय

मग ठिणगीची गडबड झाली. ठिणगीसाठी करंट नेणारी वायर घासून घासून उघडी पडली होती. उघडी वायर गाडीच्या धातूला टेकली की करंट सिलिंडरपर्यंत पोहोचायच्या आधीच निसटून जातो. ठिणगी पडत नाही. इंधन आहे, हवा आहे, पण पेटवणारं कोणी नाही.

आणि इथे फरक असा की गाडी हिसके देत राहते खरी, पण खड्ड्यात गेली, हादरा बसला, वायर टेकली की खटकन बंद. वायर सुटली की परत सुरू. आजही मेकॅनिक हाच ठोकताळा लावतात. हळूहळू खोकत बंद पडली तर आधी इंधनाची वाट तपासा, एकदम बटण दाबल्यासारखी बंद पडली तर आधी करंट तपासा. ठोकताळा आहे, शंभर टक्के नियम नव्हे, पण सुरुवात कुठून करायची हे त्यातून कळतं.

बर्थाने पायातल्या मोज्याचा इलॅस्टिकचा पट्टा सोडला आणि उघड्या वायरला गुंडाळला. आजची काळी इन्सुलेशन टेप जे काम करते, तेच त्या पट्ट्याने केलं.

बाकीचं लोहार आणि चांभाराने सांभाळलं

वाटेत चेन त्रास द्यायला लागली, ती एका लोहाराने दुरुस्त करून दिली. पाणी सारखं उडून जायचं, म्हणून खानावळी, विहिरी, ओढे जिथे मिळेल तिथे थांबून भरावं लागलं. चढ आला की गाडीचा जीव जायचा. मग युजेन आणि रिशार्ड खाली उतरून ढकलायचे. उतारावर उलटा प्रश्न. ब्रेकचे ठोकळे लाकडी होते आणि ते झिजायला लागले. बाउशलॉट गावातल्या चांभाराकडून बर्थाने त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकच्या लायनिंगची सुरुवात इथून धरतात.

अंधार पडायच्या सुमारास तिघं फॉर्झहाइमला पोहोचले होते. बर्थाने नवऱ्याला तार केली की आम्ही पोहोचलो. काही दिवस माहेरी राहून, थोड्या वेगळ्या रस्त्याने ते गाडी घेऊनच मानहाइमला परत आले.

प्रवासातून काय निघालं?

कार्लला गाडी चालते हे माहीत होतं. ती कुठे आणि का बंद पडते याची यादी मात्र बर्थाने आणून दिली.

चढावर ताकद कमी पडते हे कळलं म्हणून गाडीला चढासाठी आणखी एक गिअर बसवला गेला. ब्रेकला चामडं लागलं. कंपनीच्या कागदावर जिचं नाव नव्हतं, तिने गाडीची पहिली रोड टेस्ट करून दिली होती. आज कुठलीही कंपनी नवी गाडी विकायच्या आधी ती लाखो किलोमीटर पळवून बिघाड शोधते. कारखान्यात नीट चालणारी वस्तू रस्त्यावर कशी वागते हे रस्त्यावर गेल्याशिवाय कळत नाही, हे त्यामागचं साधं तत्त्व.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात बेन्झच्या गाडीला सुवर्णपदक मिळालं. पॅरिसमध्ये एमिल रोजे या विक्रेत्याने गाड्या विकायला घेतल्या. १८९४ मध्ये वेलो नावाची स्वस्त गाडी आली आणि खपली. १८९९ मध्ये बेन्झ अँड कंपनीने ५७२ गाड्या बनवल्या. तेव्हा ती जगातली सगळ्यात मोठी मोटार कंपनी होती.

गाडीवर नाव आलं, पण दुसऱ्याच मुलीचं

१९०३ मध्ये मतभेदांमुळे कार्ल कंपनीच्या कारभारातून बाजूला झाला. १९०६ मध्ये कुटुंबाने लाडेनबर्ग गावात वेगळी कंपनी काढली, तिचा कारभार पुढे युजेन आणि रिशार्डने पाहिला. एकेकाळी गाडी ढकलणारी ही दोन पोरं.

१९२६ मध्ये बेन्झ कंपनी आणि तिची प्रतिस्पर्धी डाइमलर एकत्र झाल्या आणि गाड्यांचं नाव पडलं मर्सिडीज-बेन्झ. यातलं मर्सिडीज हे एका मुलीचं नाव आहे. डाइमलरच्या गाड्या विकणारा एमिल येलिनेक नावाचा श्रीमंत व्यापारी होता, त्याच्या मुलीचं हे नाव. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध गाड्यांपैकी एकीवर एका मुलीचं नाव आहे, पण ज्या बाईने हुंडा घालून कारखाना वाचवला आणि पिन घालून नळी साफ केली, तिचं नाव लग्नात मिळालेल्या आडनावापुरतंच आहे.

तेच आडनाव १९५४ नंतर टाटा मर्सिडीज-बेन्झच्या ट्रकवर बसून आपल्या घाटरस्त्यांवर आलं आणि आज पुण्याजवळच्या चाकणमध्ये या कंपनीच्या गाड्या जोडल्या जातात.

१९२५ मध्ये कार्लच्या आठवणींचं पुस्तक आलं. सगळं बुडायच्या बेतात असताना आपल्यासोबत फक्त एकच माणूस टिकून राहिलं आणि ती आपली बायको होती, हे त्याने त्यात मोकळेपणाने मान्य केलं. ४ एप्रिल १९२९ रोजी कार्ल गेला. बर्था त्यानंतर पंधरा वर्षं लाडेनबर्गमध्येच राहिली.

३ मे १९४४ रोजी तिला ९५ वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी कार्ल्सरूहच्या तंत्र विद्यापीठाने तिला मानद सिनेटर केलं. कार्ल जिथे शिकला ती ही संस्था. बर्था तरुण असताना तिला इथे विद्यार्थी म्हणून बसता आलं नसतं. या सन्मानानंतर दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ ला ती वारली.

२००८ पासून तिच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर बर्था बेन्झ स्मृतिमार्ग आहे, एकूण १९४ किलोमीटरचा. अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये कार्लचं नाव १९८४ ला गेलं. बर्थाचं नाव तिथे पोहोचायला २०१६ उजाडलं.

तुमची गाडी सुरू होऊन बंद पडत असेल तर?

आजच्या गाडीत पिन आणि मोज्याचा पट्टा चालणार नाही, पण विचार करायची पद्धत तीच. गाडी कधी आणि कशी बंद पडते ते आधी नीट बघा.

सुरू झाल्यावर एक-दोन सेकंदांतच बंद होत असेल आणि डॅशबोर्डवर किल्लीची खूण लुकलुकत असेल, तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही. इमोबिलायझरचा प्रश्न आहे, दुसरी किल्ली लावून बघा.

रेस दिली की दम तोडत असेल तर इंधन पुरत नाहीये. फ्युएल फिल्टर तुंबलाय किंवा पंप कमजोर झालाय. टाकीचं झाकण उघडल्यावर सुस्कारा ऐकू येत असेल आणि त्यानंतर गाडी नीट चालत असेल, तर टाकीत हवा जायची वाट बंद झालेली असू शकते.

रेसवर चालते पण पाय काढला की बंद होते, अशी तक्रार असेल तर हवेची बाजू बघा. थ्रॉटल बॉडीत काजळी साठलेली असते किंवा एखादा पाइप फुटून जादा हवा आत शिरत असते.

इंजिन तापल्यावर एकदम बंद, आणि थंड झाल्यावर परत सुरू, असं होत असेल तर क्रँक सेन्सर किंवा कॉइलवर संशय घ्या. आणि खड्ड्यात बंद पडत असेल तर कुठेतरी वायर सैल किंवा घासलेली आहे. हा तर थेट बर्थाचाच बिघाड.

एवढं सांगितलं तरी मेकॅनिकचं अर्धं काम होतं, आणि नको ते पार्ट बदलायचा खर्चही वाचतो.

आणि चालत्या रस्त्यावर सारखी बंद पडणारी गाडी पुढे रेटू नका. बंद पडली की पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. बाजूला घ्या, पार्किंग लाइट लावा आणि गॅरेजवाल्याला फोन करा. बर्थाकडे ती सोय नव्हती.